ज्याचा हंडा, त्याचं नाव

आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या हंड्याला पाय लावायची मुभा आहे, पण नाव घेऊन. हसू नका, नियम आहे. आमच्या शहराच्या सातारा परिसरात, बीड बायपासच्या पलीकडे, जिथं महापालिकेचं करबिल वेळेवर येतं आणि नळ येत नाही, तिथं आमची बारा घरांची गल्ली. कोपऱ्यावर एक काळी टाकी. दर तिसऱ्या दिवशी टँकर येतो, टाकी भरतो, आणि टाकीच्या एकुलत्या एक तोटीसमोर रांग लागते. माणसांची नाही, हंड्यांची. माणसं घरात आपापल्या कामात असतात, हंडा बाहेर नंबर धरून बसलेला असतो. पुढचा भरून निघाला की जो कोणी जवळ असेल त्यानं मागचे हंडे पायानं पुढं सरकवायचे, आणि सरकवताना ज्याचा हंडा त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. "सरूबाईचा हंडा! फहमिदाचा हंडा! हिमानीचा हंडा!" घरात ऐकू येतं, आपला नंबर कुठवर आला ते कळतं, माणूस वेळेवर बाहेर येतो. नाव न घेता पाय लागला तर ती लाथ. अशी लाथ मारलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

हा नियम द्वारकाबाईंचा. चौथ्या घरातल्या. वय साठीच्या पुढं, आवाज असा की बायपासवरच्या ट्रकनं वळून बघावं. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, पण रांग त्यांचीच होती.

मी हिमानी, सातव्या घरातली, आईबरोबर राहते. मी गेम बनवते. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे खेळता का?" मग विचारतात, "आणि नोकरी?" आम्ही तिघं होतो. अझहर कोड लिहायचा. मंदार लोकांशी बोलायचा, गेम कुठं खपेल ते बघायचा. आणि मी खेळाचे नियम ठरवायचे: कोण काय करू शकेल, कशानं मजा येईल, माणूस उद्या परत का येईल. गारखेड्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या होत्या. कंपनी कागदावर मंदारच्या एकट्याच्या नावावर होती, कारण मला कागदांचा कंटाळा, मीच त्याला तसं म्हटलं होतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनचा मित्र. माझे वडील घाटी दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हा त्याच्या आईचा डबा दीड महिना आला होता. अशा माणसाकडे कोण कागद मागतं?

२०१९ चा उन्हाळा लागत होता. जायकवाडी तळाला गेलेलं, आणि बायपासवर रोज एका नव्या टॉवरचा फलक उभा राहत होता, 'चोवीस तास पाणी' असा. आम्ही जो गेम बनवत होतो त्याचं नाव 'नंबर'. चार अनोळखी माणसं, चार फोन, एक टँकर, एक तोटी. पहिल्या रूपात सगळे ढकलाढकली करायचे. कॉलेजातली पोरं बोलावून खेळवलं, तर पाच मिनिटं आरडाओरडा आणि सहाव्या मिनिटाला सगळे चहाला. हरलेला रुसतो, जिंकलेला कंटाळतो. ढकलाढकलीत तिसरं काही नसतं.

त्यात नेटची कटकट. चार जणांच्या खेळात एकाचं नेट गेलं की उरलेल्या तिघांचा विचका. अझहर वैतागून म्हणायचा, "दस मिनट के खेल में दो का नेट जाता है, हिमानी. करमाडवाला तो गया समझ." गेलेल्या माणसाच्या जागी कॉम्प्युटर खेळवून पाहिला. लोकांनी तो पहिल्या झटक्यात ओळखला आणि वर शिव्या दिल्या. माणसाला माणूस लागतो, ही गोष्ट लोकांना न शिकवता कळते.

उत्तर मला आमच्या गल्लीत मिळालं. टँकरचा दिवस होता, मी घरात बसून याच कटकटीवर अझहरशी फोनवर भांडत होते. भांडण चांगलं पाऊण तास चाललं. तेवढ्यात बाहेरून द्वारकाबाईंचा आवाज, "हिमानीचा हंडा! आली का नाय गं?" धावत गेले तर माझा हंडा तोटीखाली. मी नसताना नऊ नंबर पुढं आला होता. कुणीकुणी सरकवला, देव जाणे. मी तिथूनच अझहरला म्हटलं, "नेट गेलं तर माणूस जाऊ दे, हंडा राहू दे."

तो म्हणाला, "और सरकाएगा कौन?"

"बाकीचे. नाव घेऊन."

झालं, खेळ उभा राहिला. एक गोष्ट मी हट्टानं घातली: दुसऱ्याचा हंडा सरकवला की आपले तीन सेकंद जाणार. फुकटच्या चांगुलपणात मजा नसते, त्याला थोडी झळ लागली पाहिजे. आणि ज्याचं नेट गेलं तो परत आला की त्याच्या स्क्रीनवर दिसणार, तुझा हंडा इथवर कुणी आणला. बस्स, एवढंच. पुन्हा पोरं बोलावली. करमाडच्या एका मुलीचं नेट चौथ्या मिनिटाला गेलं. सहाव्याला ती परत आली, तिचा हंडा पहिल्या नंबरवर, आणि खाली तीन नावं. तिनं कधीही न पाहिलेल्या तिघांना लिहिलं, 'अरे वेडे आहात का तुम्ही?' त्या दिवशी चहाला कुणी उठलं नाही. अझहर माझ्याकडे बघून नुसता मान हलवत होता. मंदारनं तर मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आयुष्यात आपण एक गोष्ट बरोबर केली, असं मला वाटलं.

आवाज खरे हवे होते. मी द्वारकाबाईंना विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं, मग एकदम गंभीर झाल्या. "घे की आवाज. पर एक सांगते. आमची भांडणं दाखवायची नाय. लोकं लई हसत्यात पान्यावरच्या भांडनाला. टीव्हीवाले बी तेच दावत्यात. त्येन्ला काय, बिसलरी पित्यात."

"नाही दाखवणार, मावशी. शब्द देते."

"बघ हां पोरी."

टाकीच्या खिळ्याला रेकॉर्डर टांगला. तीन टँकर रेकॉर्ड केले. तिसरा टँकर अर्धाच आला. मार्च असून ऊन चाळिशीला टेकलेलं, हंडे वीस, पाणी बाराला पुरेल एवढं. फहमिदाआपांनी रांगेत तीन हंडे लावले होते. त्या सहाव्या घरात राहतात, नवरा-बायको दोघंच. द्वारकाबाईंचं टाळकं सरकलं. त्या ओरडल्या, "दोन मानसाच्या घरात तीन हंडे? कुनासाठी भरती गं? पाळना तरी हललाय का कधी तुझ्या घरात?"

फहमिदाआपा तोटीकडे वळल्या. तिसरा हंडा भरला आणि मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, पायानं अधू झालेल्या दगडाबाईच्या दारात नेऊन ठेवला. तो तिच्यासाठीच होता.

संध्याकाळी द्वारकाबाई सहाव्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या. "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं," म्हणत स्वतःच्या तोंडात मारून घेत होत्या. फहमिदाआपांनी त्यांचा हात धरला, आत नेलं, चहा केला. दोघी बराच वेळ आत होत्या. पुढच्या टँकरपासून द्वारकाबाई सगळ्यात मोठ्यानं नाव घ्यायच्या ते फहमिदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. "ते डबडं चालू व्हतं का गं त्या टायमाला?"

"हो, मावशी."

"मिटव ते. माझ्यासाठी नाय, तिच्यासाठी."

"मिटवलं," मी म्हटलं.

आडपडदा नको, आत्ताच सांगते: मिटवलं नव्हतं. अठरा सेकंदांची फाईल होती. मी ती सात-आठ वेळा ऐकली होती. वाईट होतं, भयंकर होतं, पण असा आवाज कुठली नटी काढणार? शेवटच्या शब्दाला तो मधोमध चिरला होता. चांगला आवाज पुसायला माझा हात होईना. वापरणार नव्हतेच. म्हणून एक फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'वापरायचं नाही', आणि तो आमच्या तिघांच्या सामायिक डिस्कवर, बाकीच्या आवाजांशेजारी ठेवून दिला. स्वतःशी म्हटलं, नंतर पुसू.

'नंबर' बाजारात आला. दोन महिन्यांत चार हजार लोक. कमी होते, पण परत येत होते. वेरूळचा एक गाइड आणि लातूरची एक नर्स रोज दुपारी एकमेकांचे हंडे सरकवायला भेटत होते. एकदा अझहरनं आकडे काढले, शंभर वेळा नेट गेलं तर एक्क्याण्णव वेळा कुणीतरी हंडा सरकवला होता. मी ते आकडे भिंतीवर चिकटवले.

मंदार ते वाचून म्हणाला, "गोड आहे यार. पण गोडावर धंदा चालत नाही." पुण्याची एक कंपनी गेम घ्यायला तयार होती. त्यांचं म्हणणं, फारच सोज्वळ आहे, थोडा मसाला हवा. मी म्हटलं, मसाला तुमच्या घरी घाला म्हणावं. मंदार हसला. मला वाटलं, विषय संपला.

जूनच्या सुरुवातीला चुलत बहिणीच्या लग्नाला मी करमाडला गेले. चार दिवस. तिथं फोनला रेंज गच्चीवर, आणि गच्चीवर पापड वाळत घातलेले. परत आले तो टँकरचाच दिवस होता.

टँकर टाकीला लागला. ड्रायव्हर कडुबा केबिनमध्ये पाय वर करून बसला. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ तो मोबाइलवर काहीतरी बघत असतो. द्वारकाबाई रांग लावत होत्या, त्यांच्या मागं फहमिदाआपा, मग मी. आणि केबिनमधून आवाज आला. "कुनासाठी भरती गं? पाळना तरी हललाय का कधी तुझ्या घरात?" पाठोपाठ एक भोंगा आणि हशा.

मला आधी कळेचना काय होतंय ते. कडुबा खिदळत होता. मला म्हणाला, "ताई, लई भारी गेम हाय. येखाद्याचं नेट गेलं की त्याचा हंडा लाथंनं उडवायचा. उडवला की ही म्हातारी वरडती बघा." त्यानं परत लाथ मारली. परत तोच आवाज, परत हशा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, म्हातारी त्याच्यापासून दहा फुटांवर उभी होती.

द्वारकाबाईंचा पाय हंड्याला लागलेला होता. त्या "फहमिदाचा..." एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांनी पाय मागं घेतला. फहमिदाआपांनी कडुबाकडे पाहिलं नाही, द्वारकाबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हनली व्हतीस मिटवलं," द्वारकाबाई म्हणाल्या. ट्रकनं वळून बघावं असा तो आवाज मला कसाबसा ऐकू आला.

मी हंडा रांगेत टाकून स्कूटी काढली आणि गारखेड्याला गेले. जिन्यातच ओरडायला लागले. मंदार उठून उभाही राहिला नाही. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "आधी हे बघ. तीन दिवसांत एक लाख चाळीस हजार. आपल्याला दोन महिन्यांत चार हजार मिळाले होते. पुण्याशी करार झालाय. तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"मी शब्द दिला होता मंदार."

"कुणाला? पाणी भरणाऱ्या बायकांना? त्यांना कळणारसुद्धा नाही यार."

"पाणी भरणारी बाई मी आहे! माझा हंडा असतो त्या रांगेत. तू आयुष्यात कधी उभा राहिलायस का रांगेत?"

"नाही. म्हणून तर मला दिसलं, हे किती विनोदी आहे ते," तो म्हणाला. शांतपणे म्हणाला. मनापासून म्हणाला, हे सगळ्यात वाईट.

कोपऱ्यातून अझहर उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तू हाँ बोली ना? मंदार बोला, हिमानीनं ओके दिलंय, शादी में है, फोन मत कर. मैंने फिर भी दो बार लगाया." मी नकारार्थी मान हलवली. तो मंदारकडे वळला, "झूठ बोला तू?" मंदारनं खांदे उडवले. अझहर म्हणाला, "मी आत्ता आवाज काढतो." पण काढता येईना. सगळं पुण्याच्या ताब्यात गेलं होतं. कागदावर सही एकाच माणसाची लागत होती आणि ती झालेली होती.

विश्वास पानिपतात गेला म्हणतात. माझा गारखेड्यात गेला, झेरॉक्सच्या दुकानावर, एसीच्या गार हवेत. दीड महिना ज्याच्या घरचा डबा खाल्ला त्यानं केसानं गळा कापला, आणि कापताना त्याला वाटत होतं की तो मला हार घालतोय. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं. त्यावर मात्र तो चिडला.

"चोर? फोल्डर आपल्या तिघांचा होता. तुझ्याच हातचं नाव होतं त्याला. पुसायचं होतं तर पुसलं का नाहीस? 'वापरायचं नाही' असं लिहून माणूस तेच ठेवतो, जे कधीतरी वापरावंसं वाटणार असतं."

मी भिंतीवरचा एक्क्याण्णवचा कागद काढला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि खाली उतरले. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवला नाही. अझहरनंही महिन्याभरात ती जागा सोडली.

पुण्याच्या लोकांना मी पत्रांवर पत्रं पाठवली. बाराव्या दिवशी त्यांनी आवाज बदलला. तोवर उशीर झाला होता. त्या अठरा सेकंदांच्या चित्रफिती झाल्या होत्या, कुणी त्यावर नाचत होतं, वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी ती रिंगटोन लावली होती. द्वारकाबाईंच्या मुलानंच ती तिथं ऐकली. आईचा आवाज त्यानं ओळखला, आणि भर बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसून राहिला.

मी फहमिदाआपांच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत. मी बोलायला लागले. मंदारनं कसं फसवलं, मी गावाला कशी होते, करार कसा झाला. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"मंदार कोन, मला काय मालूम," त्या म्हणाल्या. "मला तू मालूम हायेस."

"आपा, मला माफ करा."

"द्वारकाबाई बोलल्या ते एकदा बोलल्या. गुस्से में बोलल्या. माफी मागितली, बात खतम. तू त्येंच्याकडून ते रोज बोलवून घेतलं, हिमानी. दिवसातून हजार बार." त्यांनी दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या दोन टँकरना द्वारकाबाई घराबाहेर आल्याच नाहीत. रांग लागली, पण नावं घ्यायला कुणाला जमेना, दोनदा हंड्यांची सरमिसळ झाली. तिसऱ्या वेळी फहमिदाआपा चौथ्या घरात गेल्या आणि द्वारकाबाईंचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आल्या. "चला. तुमच्याबिगर नावं कोन घेनार?" मी खिडकीतून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, निभावलं. वाटलं, आता माझंही निभावेल.

माझा हंडा मी सकाळीच लावला होता. अकरावा. आत येऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि कान बाहेर लावले. द्वारकाबाईंचा आवाज पहिल्यासारखा नव्हता, पण होता. "सरूबाईचा हंडा! फहमिदाचा हंडा!" थोड्या वेळानं पुन्हा. सरूबाईचा, फहमिदाचा, दगडाबाईचा. आई म्हणाली, "तुझं नाव नाही आलं अजून?" मी म्हटलं, "लांब असेल नंबर." पोळ्या संपल्या. भाजी झाली. मग बाहेरचा आवाजच थांबला. रांग उठल्यावर होते तशी शांतता.

मी धावत बाहेर गेले. तोटी बंद होती. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. टाकीखाली ओल्या जमिनीवर माझा एकटाच हंडा होता, आणि तो काठोकाठ भरलेला होता. वर झाकणसुद्धा ठेवलेलं, कचरा पडू नये म्हणून. म्हणजे प्रत्येक वेळी कुणीतरी तो सरकवला होता. दहा वेळा सरकवला होता. तोटीखाली धरला होता, उन्हातून बाजूला ठेवला होता. पाण्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. नाव तेवढं घेतलं नव्हतं.

मी हंडा उचलून घरी आणला. तेव्हापासून टँकर आला की मी आत जात नाही, टाकीजवळ उन्हात उभी राहते आणि माझा हंडा माझी मीच सरकवते.